घाई नको, आणि दारहि बंद नको

(धर्मग्रामाच्या शतसांवत्सरिक महोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण. मंडळाच्या आग्रहावरून येथें छापलें आहे.)



महोत्सवाच्या प्रसंगीं गतकालाचें स्मरण करावें, ज्या पूर्वजांनीं डोक्यावरून दगड-चुना वाहून हें मंदिर उभें केलें त्यांचे आभार मानावे, व पुढील पिढीच्या हातीं आपण काय ठेवून जाणार याचा हिशेब करावा, असा शिष्टसंप्रदाय आहे. पहिलीं दोन कर्तव्यें या आठवड्यांत यथासांग पार पडलीं. तिसऱ्याचा भार मंडळानें आम्हांवर टाकला, व 'मुलांचें संगोपन' असा विषय दिला. विषय गोड आहे, आणि त्यावर गोड बोलून आपणांस घरीं पाठविणें आम्हांस अवघड गेलें नसतें. परंतु ज्या गोष्टीविषयीं मातापिता सभेंत बोलत नाहींत, पण पापनिवेदनानंतर दाराशीं घुटमळत हळूच विचारतात, त्याच गोष्टीविषयीं आज बोलावें असें आम्हीं ठरविलें आहे.

२०२४ सालच्या पावसाळ्यांत आम्हांस इंग्लंडहून एका मातेचा फोन आला. आमच्या जुन्या परिचयाचें हें मराठी ख्रिस्ती कुटुंब नोकरीनिमित्त तिकडे स्थायिक झालेलें आहे. त्यांचें नांव आम्ही घेणार नाहीं. जेवढें सांगतों तेवढें त्यांच्या अनुमतीनें सांगतों. ती माता म्हणाली, "फादर, मुलगी चौदा वर्षांची आहे. वर्षभर म्हणते आहे कीं मी मुलगी नाहीं, मुलगा आहें. धड जेवत नाहीं, शाळेंत जात नाहीं, आरशासमोर उभी राहत नाहीं. वाढ थांबविण्याचीं इंजेक्शनें येथें सरकारनें बंद केलीं आहेत. मुंबईंत तीं मिळतील का? आपली कोणा डॉक्टरांशीं ओळख आहे का?" आम्हीं विचार करण्यास चार दिवस मागून घेतले. दुसऱ्याच दिवशीं मुलीची आजी आमच्याकडे आली. तिचें म्हणणें असें कीं, "फादर, पोरीला इकडे आणवा व बोर्डिंगांत टाका. दोन वर्षें मोबाईल हातीं देऊं नका, म्हणजे सारें खूळ उतरेल."

आईला इंजेक्शनाची घाई, आजीला बोर्डिंगाची घाई. दोघींचें प्रेम खरें होतें व दोघींचें भयहि खरें होतें. पण ज्या मुलीसाठीं ही सारी धांवपळ, तिच्याजवळ बसून "तुला काय होतें, बाळ?" असें विचारण्यास दोघींपैकीं कोणालाहि सवड झाली नव्हती. आम्हांस जें सांगावयाचें आहे तें या दोन घायांविषयींच.

प्रथम, आपण कोणत्या मुलांविषयीं बोलत आहों हें नीट समजून घेऊं. कारण या प्रकरणीं पुष्कळ गोंधळ शब्दांमुळेंच होतो. मुलगा भातुकलींत रमतो, किंवा मुलगी झाडावर चढते व केस आंखूड ठेवते, एवढ्यावरून कांहीं एक सिद्ध होत नाहीं. तीं मुलें आपल्या स्वभावाप्रमाणें वाढत असतात, व त्यांस तसें वाढूं द्यावें. दुसरीं कांहीं मुलें अशीं असतात कीं, ज्यांच्या शरीराची घडणच जन्मतः स्त्री कीं पुरुष याविषयीं संदिग्ध असते. तो शारीरिक प्रश्न आहे, आणि तेथेंहि घाई अपायकारक ठरल्याचें आपल्याच देशानें ओळखलें आहे. २०१९ सालीं मद्रासच्या उच्च न्यायालयानें अशा तान्ह्या मुलांवर, जीवाला धोका नसतां, लिंगनिश्चितीच्या शस्त्रक्रिया करूं नयेत असा निर्णय दिला, व तामिळनाडू सरकारनें त्याप्रमाणें आज्ञा काढली. आजचा आपला विषय तिसऱ्या प्रकारच्या मुलांचा आहे. त्यांचें शरीर निर्दोष असतें, परंतु आपण मुलगा किंवा मुलगी आहों हेंच त्यांच्या मनास पटत नाहीं, व वयांत येण्याच्या सुमारास हा विसंवाद त्यांस असह्य होऊं लागतो. हें दुःख ढोंग नव्हे. त्याला हंसणें हें पाप आहे, असें आम्ही स्पष्ट सांगतों.

या मुलांसाठीं पाश्चात्त्य देशांत गेल्या तीस वर्षांत जी औषधयोजना रूढ झाली तिच्या तीन पायऱ्या आहेत. मूल वयांत येतें तें मेंदूच्या तळाशीं असलेल्या पिट्युइटरी नामक लहानशा ग्रंथीच्या आज्ञेनें. ही आज्ञा अडवून धरणारीं इंजेक्शनें आहेत. ट्रिप्टोरेलिन हें त्यांपैकीं एक. मुलगी आठ वर्षांच्या आंत किंवा मुलगा नऊ वर्षांच्या आंत वयांत येऊं लागला, तर डॉक्टर हेंच औषध देतात, व योग्य वय होतांच तें थांबवितात. मग निसर्ग आपलें काम पुढें चालू करतो. त्या रोगावर तें औषध उपयुक्त आहे, व त्याविषयीं आमची तक्रार नाहीं. परंतु ज्या मुलाची वाढ योग्य वेळीं होत आहे, तिला केवळ मनांतील प्रश्नासाठीं अडवून धरणें, ही या नव्या योजनेची पहिली पायरी. दुसरी पायरी म्हणजे सुमारें सोळाव्या वर्षापासून मुलीस पुरुषाचें व मुलास स्त्रीचें संप्रेरक देणें. इंग्रजींत ज्यास हार्मोन म्हणतात तें हें. तिसरी पायरी शस्त्रक्रियेची, व ती बहुधा प्रौढपणीं होते.

ही योजना हॉलंडांतील आम्स्टरडॅम येथील डॉक्टरांनीं घालून दिली. न्यायानें सांगावयाचें तर त्यांनीं ती सावधपणें घालून दिली होती. लहानपणापासूनच ज्यांचें हें दुःख अखंड टिकून आहे, ज्यांस दुसरा गंभीर मानसिक विकार नाहीं, व ज्यांच्या पाठीशीं घरचीं माणसें आहेत, अशींच मुलें ते निवडीत. २०११ सालीं त्यांनीं अशा ७० जणांचा व २०१४ सालीं त्यांपैकीं ५५ जणांचा वृत्तांत प्रसिद्ध केला, व त्यांतील परिणाम आशादायक दिसले. ही वाट मग अनेक देशांनीं धरली. मात्र वाटेवरील पहारे पुष्कळ ठिकाणीं मागेंच राहिले.

इंग्लंडांत पुढें काय घडलें तें आतां सांगतों, कारण आमच्या त्या मातेचा प्रश्न तेथूनच आला होता. लंडनमधील टॅव्हिस्टॉक संस्थेंत अशा मुलांसाठीं सरकारी दवाखाना होता. २०११-१२ या वर्षीं तेथें २५० हूनहि कमी मुलें पाठविलीं गेलीं. २०२१-२२ या वर्षीं ती संख्या ५००० च्या वर गेली. केवळ संख्याच बदलली असें नाहीं. पूर्वी येणारांत लहान वयाचे मुलगे अधिक असत. पुढें ऐन वयांत येणाऱ्या मुलींचाच भरणा झाला. त्यांपैकीं पुष्कळ जणी औदासीन्यानें, भीतीनें, खाण्यापिण्याच्या विकारानें ग्रासलेल्या होत्या, व स्वमग्नतेचीं लक्षणें असलेल्या मुलांचें प्रमाणहि इतर समाजाच्या मानानें जास्त होतें. म्हणजे आम्स्टरडॅमच्या डॉक्टरांनीं ज्यांस निवडलें असतें कीं नाहीं याचीच शंका, अशा मुलांना त्यांच्याच नमुन्याचें औषध मिळूं लागलें.

त्याच दवाखान्यानें २०११ सालीं ४४ मुलांवर या इंजेक्शनांचा अभ्यास आरंभिला. मुलांस विचार करण्यास उसंत मिळावी, हा या औषधाचा हेतु म्हणून सांगितला जात असे. अभ्यासाचा वृत्तांत २०२१ सालीं छापून आला, व त्यांत असें दिसलें कीं ४४ पैकीं ४३ जण पुढील पायरीवर, म्हणजे संप्रेरकांवर गेले. मनःस्थितींत मोजतां येण्याजोगा फरक आढळला नाहीं, व ज्या वयांत हाडें झपाट्यानें भरतात त्या वयांत त्यांची घनता समवयस्कांच्या मानानें मागें पडली. येथें प्रामाणिक माणसाला दोन अर्थ संभवतात. कदाचित् मुलांची निवडच अचूक झाली असेल. किंवा विसाव्याची म्हणून सांगितलेली ती जागा विसाव्याची नसून उताराच्या वाटेचा आरंभ असेल. या दोहोंपैकीं खरें कोणतें, हें सांगण्यास पुरेसा पुरावा कोणापाशींहि नव्हता, आणि तरीहि औषध चालूच होतें. आमची चिंता ती हीच.

कीरा बेल नांवाच्या एका तरुणीनें हा प्रश्न न्यायालयांत नेला. सोळाव्या वर्षीं तिला तीं इंजेक्शनें मिळालीं, सतराव्या वर्षीं पुरुषाचें संप्रेरक, आणि विसाव्या वर्षीं तिचे स्तन काढले गेले. पुढें तिला कळून चुकलें कीं आपलें दुःख निराळेंच होतें. डिसेंबर २०२० मध्यें लंडनच्या उच्च न्यायालयानें म्हटलें कीं, सोळा वर्षांखालील मूल असल्या उपचाराचे दूरवरचे परिणाम समजून संमति देऊं शकेल हें संशयास्पद आहे. सप्टेंबर २०२१ मध्यें अपील न्यायालयानें तो निर्णय फिरविला, व असा निवाडा न्यायाधीशांनीं नव्हे, तर डॉक्टर, रुग्ण व पालक यांनीं करावयाचा असतो असें ठरविलें. निर्णय फिरला, पण त्या मुलीचा बदललेला आवाज कांहीं फिरला नाहीं.

दरम्यान इंग्लंडच्या आरोग्यखात्यानें २०२० सालीं डॉक्टर हिलरी कॅस या ज्येष्ठ बालरोगतज्ज्ञ बाईंकडे साऱ्या प्रकरणाची चौकशी सोंपविली. त्यांचा अंतिम अहवाल १० एप्रिल २०२४ रोजीं प्रसिद्ध झाला. त्यांच्यासाठीं यॉर्क विद्यापीठाच्या विद्वानांनीं जगांतील शोधनिबंध गोळा करून पारखले. वाढ थांबविणाऱ्या औषधांविषयीं ५० अभ्यास मिळाले; त्यांपैकीं उत्तम प्रतीचा एकच ठरला. संप्रेरकांविषयीं ५३ मिळाले. त्यांतहि उत्तम प्रतीचा एकच. बाकीचे मध्यम किंवा निकृष्ट. डॉक्टर कॅस यांचें म्हणणें असें नाहीं कीं हें औषध कोणालाहि कधींहि देऊं नये. कांहीं थोड्यांस तें उपयोगी पडेल असें त्या म्हणतात. त्यांचें म्हणणें एवढेंच कीं पुरावा दुर्बल आहे, म्हणून हें औषध रीतसर संशोधनांतच द्यावें. अठरा वर्षांखालील मुलांस संप्रेरक देतांना अत्यंत सावधगिरी बाळगावी. आणि दवाखान्यांत येणाऱ्या मुलाच्या एकाच प्रश्नाकडे न पाहतां त्या संपूर्ण मुलाकडे पाहावें. टॅव्हिस्टॉकचा दवाखाना मार्च २०२४ च्या अखेरीस बंद झाला. त्या मे महिन्यांत सरकारनें खाजगी रीतीनें हें औषध नव्यानें देण्यास तात्पुरती मनाई केली, व डिसेंबर २०२४ मध्यें ती मनाई बेमुदत करून २०२७ सालीं फेरविचार करण्याचें जाहीर केलें.

इंग्लंड एकटें नाहीं. फिनलंडनें २०२० सालीं व स्वीडननें २०२२ सालीं मानसिक आधारास अग्रस्थान दिलें, व औषधें अपवादापुरतीं राखलीं. हे देश धर्ममार्तंडांचे नव्हेत; तेथें ही सावधगिरी डॉक्टरांनींच पुरावा पाहून पत्करली, हें लक्षांत घ्यावें.

आतां दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे, नाहीं तर आम्ही आपणांस फसविल्यासारखें होईल. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या प्रमुख संस्थेनें २०१८ सालीं या उपचारास पाठिंबा दिला होता, व २०२३ सालीं तो कायम ठेवून पुराव्याची नव्यानें तपासणी करण्याचेंहि ठरविलें. इंग्लंडांतील डॉक्टरांच्या संघानें कॅस अहवालावर २०२४ सालीं आक्षेप घेतले, व मागाहून आपण तटस्थपणें त्याची छाननी करूं असें सांगितलें. या उपचारानें आपला जीव तगला असें सांगणारीं तरुण माणसेंहि आहेत. त्यांस खोटें पाडण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. तसेंच अमेरिकेंतील अनेक राज्यांनीं कायद्यानें बंदी घातली आहे, व जून २०२५ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें टेनेसी राज्याचा असा कायदा वैध ठरविला. तेथें हा विषय राजकीय पक्षांच्या झुंजीचा झाला आहे. झुंज कोणीहि जिंको, तुडविलें जातें तें मूल. ती झुंज आपल्या अंगणांत आणूं नये अशी आमची प्रार्थना आहे.

तरीपण पालकांपुढें जो सरळ प्रश्न आहे त्याचें सरळ उत्तर आम्हीं दिलें पाहिजे. पुरुषाच्या संप्रेरकानें घोगरा झालेला आवाज औषध सोडल्यावर पूर्ववत् होत नाहीं, व फुटलेली दाढीमिशी आपोआप जात नाहीं. स्त्रीच्या संप्रेरकानें आलेले स्तन तसेच राहतात. वाढीच्या प्रारंभींच इंजेक्शनें सुरू करून पुढें संप्रेरकें घेतलीं, तर स्वतःचें मूल होण्याची आशा बहुधा सोडावी लागते. तेरा वर्षांच्या मुलीला आपण विचारलें, "तुला पुढें मुलें नको ना?" तर ती काय सांगणार? त्या वयांत आपणांपैकीं किती जणांनीं लग्न करणार नाहीं म्हणून शपथा घेतल्या होत्या! तेराव्या वर्षीं तिसाव्या वर्षाचें मन दिसत नाहीं. म्हणूनच तर देवानें मुलांस मायबाप दिले.

"औषध दिलें नाहीं तर मूल जीव देईल," अशी धास्ती पालकांस घातली जाते. या मुलांत जिवाला कंटाळण्याचें प्रमाण अधिक आहे, हें खरें, व तें कधींहि हलकें मानूं नये. परंतु इंग्लंडांत औषधावर निर्बंध येतांच आत्महत्या वाढल्या, असा जो गवगवा झाला, त्याची प्राध्यापक लुई ॲपल्बी यांनीं सरकारतर्फे तपासणी केली, व जुलै २०२४ मध्यें सांगितलें कीं उपलब्ध आंकड्यांत तसें आढळत नाहीं. 'एक तर हें औषध, नाहीं तर मरण' असें मुलांच्या कानीं घालणेंच धोक्याचें आहे, असेंहि त्यांनीं बजावलें. मुलाच्या मनांत मरणाचा विचार असेल तर त्याला त्याच क्षणीं माणसाची सोबत व मानसोपचार मिळाला पाहिजे. लिंगाविषयींच्या निर्णयाची त्यासाठीं वाट पाहूं नये.

येथवर ऐकून आपणांपैकीं कांहींजण मान डोलवीत असतील कीं, फादरांनीं औषधवाल्यांची बरी खोड मोडली. त्यांनीं आतां जरा सांवरून बसावें. कारण दुसरी घाई आपल्या घरांतली आहे, आणि तिच्याविषयीं आम्हांस दुसऱ्याचें उदाहरण शोधावें लागत नाहीं.

सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं आम्ही दुसऱ्या एका गांवीं तरुण सहायक धर्मगुरु होतों. एका संध्याकाळीं एक सज्जन गृहस्थ आपल्या तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन आले. मुलगा बहिणीची ओढणी घेऊन आरशासमोर उभा राहतो, मुलींतच बसतो, आवाज बारीक काढतो, अशी त्यांची तक्रार. मुलगा खालीं पाहून उभा होता. आम्ही सेमिनरींतून नुकतेच शिकून आलेले, व प्रत्येक प्रश्नाचें उत्तर आपणांपाशीं आहे अशा समजुतीचे. आम्हीं मुलाला एक शब्दहि विचारला नाहीं. बापाला म्हणालों, "शिस्त लावा. लाडानें बिघडला आहे." बापानें आमचा शब्द धर्माज्ञा मानला. केस भादरले, मार दिला, दूरच्या बोर्डिंगांत ठेवलें. तेथें काय झालें असेल तें आपण ताडूं शकतां. सोळाव्या वर्षीं मुलगा तेथून निघून गेला तो आजतागायत परतला नाहीं. त्याची आई अजून हयात आहे. कधीं भेट झाली म्हणजे विचारते, "फादर, कांहीं कळलें का?" तिनें आम्हांस कधीं दोष दिला नाहीं. तिनें दिला असता तर बरें झालें असतें.

बंधुभगिनींनो, औषधाची घाई करणाऱ्या डॉक्टरांना पुराव्याचा जाब विचारणें योग्यच आहे. पण आमच्या त्या 'शिस्ती'ला तरी कोणता पुरावा होता? एका घाईनें शरीर बदलतें तें पुन्हां पूर्ववत् होत नाहीं. दुसरीनें घराबाहेर पडलेलें मूल पुन्हां परतत नाहीं. दोन्हींच्या मुळाशीं एकच गोष्ट आहे. मुलाचें दुःख पाहवत नाहीं, म्हणून तें लवकरांत लवकर आपल्या दृष्टीआड करावें, अशी ही मोठ्या माणसांची धडपड असते.

कायद्यानेंहि आपणांस कांहीं शिकविलें आहे. आपल्या देशाच्या २०१९ च्या कायद्यानें असें ठरविलें कीं, मूल ट्रान्सजेंडर आहे एवढ्या कारणावरून, न्यायालयाच्या आज्ञेवांचून, त्यास आईबापांपासून तोडतां येणार नाहीं. जें नातें कायदा राखूं पाहतो, तें आपण स्वतः तोडावें काय? आणि मुलाला ठोकून, धमकावून किंवा विजेचे झटके देऊन 'सरळ करून देतों' म्हणणारे जे असतात, त्यांच्या उपचारांस राष्ट्रीय वैद्यक आयोगानें २०२२ सालीं व्यावसायिक गैरवर्तन ठरविलें आहे. भगताकडेहि नको, आणि असल्या डॉक्टराकडेहि नको.

ख्रिस्तसभेची शिकवण आपण विचाराल. ती कॅस अहवालाच्या दोनच दिवस आधीं, ८ एप्रिल २०२४ रोजीं, पोप फ्रान्सिस यांच्या संमतीनें 'डिग्निटास इन्फिनिटा' या पत्रकांत प्रसिद्ध झाली. शरीर ही आत्म्यावर चढविलेली झूल नव्हे, तें देवाचें दान आहे. म्हणून लिंग बदलण्याचे उपचार सामान्यतः मनुष्याच्या प्रतिष्ठेस धोका आणतात, असें तें पत्रक सांगतें. जन्मतः किंवा मागाहून जननेंद्रियांत दोष आढळल्यास वैद्यकीय साहाय्य घेण्यास त्यानें आडकाठी केलेली नाहीं. परंतु पत्रकाचें नांवच पाहा: अनंत प्रतिष्ठा. ती प्रतिष्ठा मुलाच्या उत्तरावर अवलंबून नसते. जें मूल आपणांस पटणारें उत्तर देतें तें आपलें, व देत नाहीं तें परकें, असें तेथें कोठेंहि लिहिलेलें नाहीं.

आतां प्रत्यक्ष करावयाचें काय, तें थोडक्यांत सांगतों. मूल असें कांहीं बोललें तर पहिल्या दिवशीं उत्तर देऊं नका, ऐका. "हें तूं मला सांगितलेंस, बरें केलेंस," एवढें वाक्य पुरे. मग बालरोगतज्ज्ञ व मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ यांच्याकडे न्या, आणि संपूर्ण मुलाची तपासणी करवा: झोंप, भूक, औदासीन्य, स्वमग्नता, शाळेंतील छळ, आणि कोणी अंगाला हात लावला आहे काय हेंहि. मोबाईल हिसकावूं नका, पण मोबाईलला घरचा वैद्यहि होऊं देऊं नका; मूल त्यांत काय पाहतें तें शेजारीं बसून पाहा. केस, कपडे यांवरून रोज युद्ध करूं नका. त्यांतून परत येतां येतें. ज्यांतून परत येतां येत नाहीं, अशा उपायास प्रौढपणापूर्वीं होकार देऊं नका, व परदेशांत मनाई असलेली गोष्ट इकडे आणून उरकूं नका. मूल मरणाचें बोललें तर रात्र असो वा दिवस, त्याला एकटें सोडूं नका. शासनाची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते. आणि धर्मग्रामांत, शाळेंत, मैदानांत अशा मुलाची टवाळी कानीं आली तर हंसूं नका. टवाळी करणाऱ्यास तेथल्या तेथें थांबवा.

इंग्लंडच्या त्या मातेस आम्हीं चार दिवसांनीं हेंच सांगितलें. मुंबईच्या डॉक्टरांचें नांव दिलें नाहीं. आजीला सांगितलें कीं बोर्डिंगाचा विचार सोडा, व नातीला रोज एक फोन करा. पण त्यांत या विषयावर एक अक्षर बोलूं नका. आजीनें तें कसें पाळलें तें देवालाच ठाऊक, पण पाळलें. फोनवर दोघी भाजणीच्या पिठाविषयीं व मांजरीविषयीं बोलत. तिकडे तपासणींत मुलीच्या मनाचें औदासीन्य ध्यानांत आलें, शाळेंतील छळाची हकीकत बाहेर आली, व त्यावर उपचार सुरू झाले. आज ती सोळा वर्षांची आहे. तिचा प्रश्न सुटला असें आम्ही म्हणत नाहीं. तो अजून तिच्यापाशीं आहे, व प्रौढ झाल्यावर त्याविषयीं ती काय ठरवील तें आम्हांस ठाऊक नाहीं. पण ती जेवते, शाळेंत जाते, आणि आईशीं बोलते. गेल्या नाताळांत ती इकडे आली होती. केस आंखूड, पायांत मोठे बूट. मिस्सा झाल्यावर आजीचा हात धरून ती पायऱ्या उतरली. कोणीतरी कुजबुजलें. आजीनें मागें वळून पाहिलें, व कुजबुज थांबली.

शंभर वर्षांपूर्वीं आपल्या पूर्वजांनीं या मंदिराला मोठीं दारें बसविलीं. तीं कोणाला बाहेर ठेवण्यासाठीं बसविलीं असें आम्हांस वाटत नाहीं. पुढील शतकांत या दारांशीं कोणकोणतीं मुलें येऊन उभीं राहतील हें आपणांस आज सांगतां यावयाचें नाहीं. त्यांच्या शरीराला आपण घाईनें हात लावूं नये, त्यांच्या तोंडावर दार लोटूं नये, व तीं वाढत असतां त्यांच्या शेजारीं बसून राहण्याचा धीर देवानें आपणांस द्यावा. आणि जो एक मुलगा आमच्या शब्दामुळें घराबाहेर पडला, तो जेथें कोठें असेल तेथें सुखरूप असो. आज मिस्सांत त्याच्यासाठीं आपण सर्वांनीं एक प्रार्थना करावी, ही आमची आपणांपाशीं महोत्सवाची मागणी आहे.

प्रभु आपणां सर्वांचें व आपल्या लेंकरांचें रक्षण करो.